शुष्कयोनी, रजोनिवृत्ती आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द

१

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या योनिमार्गात येणारा कोरडेपणा हा विषय मराठीत वैद्यांच्या व डॉक्टरांच्या खोलीबाहेर फारसा आलेला नाही. तो छापील पानावर येतो तेव्हा बहुधा उपायांच्या यादीच्या रूपाने येतो, आणि त्या यादीच्या शिरोभागी ‘नैसर्गिक’ हे विशेषण हटकून असते. शतावरी, तिळाचे तेल, खोबरेल, साजूक तूप, जवस, सोयाबीन, कोरफड ही नावे एकामागून एक येतात. मधूनच चरकाचा दाखला दिला जातो. आणि शेवटी ‘दुष्परिणामरहित’ असे आश्वासन देऊन यादी संपते. वाचणाऱ्या स्त्रीला त्यातून धीर मिळतो हे खरे. परंतु धीर आणि ज्ञान या दोन वस्तू भिन्न आहेत.

या उपदेशपर वाङ्मयाची चिकित्सा दोन अंगांनी करणे अवश्य आहे. पहिले अंग ग्रंथार्थाचे आहे: ज्या प्राचीन संहितांचा आधार घेतला जातो, त्यांत खरोखर काय सांगितले आहे? दुसरे अंग शब्दार्थाचे आहे: ‘नैसर्गिक’ हा शब्द या संदर्भात कोणकोणत्या अर्थांनी वापरला जातो, आणि एका अर्थाचे पुण्य दुसऱ्या अर्थाच्या पदरात कसे टाकले जाते? हा प्रश्न केवळ भाषिक काटेकोरपणाचा नाही. एका विशेषणावर विसंबून एखादी स्त्री वर्षानुवर्षे वेदना सोसते, किंवा साध्या व निर्धोक उपायापासून दूर राहते, तेव्हा त्या विशेषणाची जबाबदारी तपासावीच लागते.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहणे इष्ट होईल. योनिमार्गाचे अस्तर बहुस्तरीय असते आणि त्याची जाडी, लवचिकपणा व ओलावा ही इस्ट्रोजेन या संप्रेरकावर अवलंबून असतात. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने अस्तरातील पेशींत ग्लायकोजेन साठते. त्यावर पोसणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. आणि त्या आम्लतेमुळे, म्हणजे पीएच साधारण ३.५ ते ४.५ या मर्यादेत राहिल्यामुळे, रोगजंतूंना तेथे सहसा थारा मिळत नाही. बीजकोशांचे कार्य मंदावले म्हणजे ही साखळी पहिल्या कडीपासून ढिली होते. अस्तर पातळ होते, रक्तपुरवठा घटतो, पीएच ५ च्या वर जातो. कोरडेपणा, आग, खाज, समागमाच्या वेळी वेदना, लघवीची घाई, मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग ही लक्षणे येथूनच उद्भवतात. मूत्रमार्गाचा व योनीचा संबंध लक्षात घेऊन २०१४ साली अमेरिकेतील दोन वैद्यकीय संस्थांनी या लक्षणसमूहाला रजोनिवृत्तीचा जनन-मूत्रमार्गीय लक्षणसमूह अशा अर्थाचे नवे नाव दिले. त्यापूर्वी ‘अपक्षयजन्य योनिदाह’ अशा आशयाची नावे रूढ होती. जुन्या नावात दाह आहे, मूत्रमार्ग नाही. शिवाय ‘अपक्षय’ या शब्दात झिजून निरुपयोगी झाल्याची जी छटा आहे, तीही नव्या नावात टाळलेली दिसते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून निघणाऱ्या गरम वाफा व घाम हा त्रास बहुतेक स्त्रियांत काही वर्षांनी ओसरतो. कोरडेपणा मात्र उपायाविना सहसा ओसरत नाही, उलट वाढण्याचाच संभव असतो. ‘थोडी कळ काढा, जाईल’ हा घरगुती सल्ला पहिल्या बाबतीत पुष्कळदा खरा ठरतो. दुसऱ्या बाबतीत तो खोटा ठरतो. भारतात रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे धरले जाते. अर्थात् पुढे आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा उरलेला असतो. दुसरी गोष्ट अशी की, इस्ट्रोजेनची उणीव केवळ रजोनिवृत्तीतच होते असे नाही. अंगावर पाजणाऱ्या आईतही हा कोरडेपणा काही काळ आढळतो. स्तनाच्या कर्करोगावरील काही औषधांनीही तो येतो. तेव्हा रजोनिवृत्ती व कोरडेपणा यांचा संबंध निकटचा असला तरी त्या दोन गोष्टी एक नव्हेत.

३

आता संहितांकडे वळावे. लोकप्रिय लेखनात चरकोक्त ‘शुष्का’ योनी म्हणजेच रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा असे समीकरण मांडलेले आढळते. नावाचे साम्य इतके ठळक आहे की मूळ स्थळ उघडून पाहण्याची गरजच कोणास भासत नाही. परंतु ते उघडून पाहिल्यास समीकरण टिकत नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद् वर्णिल्या आहेत. त्यांतील शुष्का ही एक. तिचे कारण वय हे नव्हे. समागमाच्या वेळी मलमूत्रादी वेगांचे धारण करणाऱ्या स्त्रीच्या ठायी वायू प्रकुपित होतो, तो मलमूत्राचा अवरोध करतो आणि योनिमुखाला शोष आणतो, असा तेथील आशय आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात हीच व्यापद् सांगताना वेगरोधाचा काळ बदलून तो ऋतुकाल केला आहे आणि तीव्र वेदनेचा उल्लेख केला आहे. म्हणजे ज्या काळात ऋतू चालू आहे त्याच काळातील ही व्याधी. ऋतू संपल्यानंतरची नव्हे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील वीस व्यापदांच्या यादीत तर शुष्का हे नावच नाही. एका ग्रंथात समागमकालीन, दुसऱ्यात ऋतुकालीन आणि तिसऱ्यात अनुपस्थित अशी जी संज्ञा, ती तिन्ही ग्रंथांच्या नावाने रजोनिवृत्तीला चिकटवणे हे ग्रंथार्थाला सोडून आहे.

याचा अर्थ संहिताकारांना रजोनिवृत्ती ठाऊक नव्हती असा मात्र नाही. रजःप्रवृत्ती बाराव्या वर्षापासून होते आणि शरीर जरेने पक्व झाल्यावर पन्नासाव्या वर्षी क्षय पावते, असे सुश्रुताने शारीरस्थानात स्पष्ट सांगितले आहे. त्या विधानाचा सूर महत्त्वाचा आहे. तो वस्तुस्थिती नोंदवणारा सूर आहे. त्यात रोगाची भाषा नाही. चरकाने ‘अरजस्का’ नावाची एक व्यापद् सांगितली आहे, पण तीही रजोनिवृत्ती नव्हे; पित्ताने रक्त दूषित होऊन आर्तव बंद पडते व स्त्री कृश आणि विवर्ण होते, अशी ती रुग्णावस्था आहे. संहितांच्या दृष्टीने वयपरत्वे पाळी जाणे हा व्याधी नाही, म्हणून त्यावर चिकित्साही नाही. आज ‘आयुर्वेदातील रजोनिवृत्तीची चिकित्सा’ या शीर्षकाखाली जे लिहिले जाते ते बव्हंशी आधुनिक वैद्यांनी केलेले अनुमान आहे: वार्धक्य हा वाताचा काळ, योनिरोग वातावाचून होत नाही असे चरकाचे मत, रुक्षता हा वाताचा गुण, म्हणून वार्धक्यातील योनिरुक्षतेवर वातघ्न स्नेहोपचार. हे अनुमान अंतर्गत दृष्ट्या सुसंगत आहे आणि ते करण्याचा वैद्यांना पूर्ण अधिकार आहे. आक्षेप अनुमानाला नाही. अनुमान हे ग्रंथवचन म्हणून सांगण्याला आहे.

लक्षणांच्या आधारेच सादृश्य शोधावयाचे झाल्यास शुष्केपेक्षा वातिकी ही व्यापद् जवळची ठरते. टोचल्यासारखी वेदना, ताठरपणा, मुंग्या चालल्यासारखी संवेदना व कर्कशता ही जी तिची लक्षणे चरक देतो, ती आजच्या रुग्णस्त्रीच्या तक्रारींशी पुष्कळच जुळतात. तथापि लोकप्रिय लेखकांनी वातिकीकडे दुर्लक्ष करून शुष्केला उचलले, कारण त्यांनी लक्षणे वाचली नाहीत, नाव वाचले. शिवाय संहितेतील ‘योनी’ आणि आजच्या शरीरशास्त्रातील योनिमार्ग यांची व्याप्तीही एक नाही. सुश्रुत योनीला शंखाच्या नाभीसारखी तीन आवर्तांची म्हणतो आणि तिसऱ्या आवर्तात गर्भाशय सांगतो. म्हणजे त्या शब्दात संपूर्ण जननमार्ग येतो. शब्द तोच राहिला, पण त्याखालील प्रदेश आकुंचित झाला.

याहून खोल असा एक मुद्दा उरतो. चरकाच्या या अध्यायाचे प्रयोजन संतती हे आहे. योनी शुद्ध झाल्यावर गर्भधारणा व्हावी, हा तेथील चिकित्सेचा हेतू. म्हणूनच त्याच अध्यायात पुढे शुक्रदोष व क्लैब्य यांचा विचार येतो आणि शतावरीचे घृतही याच क्रमात येते. शतावरी महाराष्ट्रातील घरांत ‘शतावरी कल्प’ या रूपाने ओळखीची आहे ती बाळंतिणीचे दूध वाढावे म्हणून. मूल होणे आणि मुलाला दूध मिळणे या दोन प्रयोजनांपलीकडील स्त्री, म्हणजे जिचे प्रसवकार्य संपले आहे पण शरीर व इच्छा संपलेली नाही अशी स्त्री, त्या ग्रंथाच्या दृष्टिक्षेपात फारशी येत नाही. तिच्यासाठी ग्रंथात उत्तर शोधताना आधी ग्रंथाने तिचा प्रश्न विचारला होता का, हे पाहावयास हवे.

४

पाश्चात्त्य वैद्यकाचा इतिहास या बाबतीत अधिक निर्मळ आहे असे समजण्याचे कारण नाही. रजोनिवृत्तीला युरोपीय भाषांत जे नाव आज रूढ आहे ते १८२१ साली फ्रेंच वैद्य गार्दान याने दिले. विसाव्या शतकात संप्रेरकांचा शोध लागल्यावर ही अवस्था हळूहळू उणिवेच्या भाषेत बोलली जाऊ लागली. १९४२ साली अमेरिकेत प्रेमारिन हे औषध विक्रीस आले. ते गाभण घोडींच्या मूत्रापासून काढले जाते. म्हणजे ज्या औषधाला आज ‘कृत्रिम हार्मोन’ म्हणून नाके मुरडली जातात, ते उगमाच्या दृष्टीने पूर्णतः प्राणिज, अर्थात् नैसर्गिकच होते. याउलट आज स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रॅडिऑलशी रेणूरचनेने अगदी एकरूप असे जे इस्ट्रॅडिऑल औषधांत वापरतात, ते वनस्पतिज द्रव्यांपासून प्रयोगशाळेत घडवलेले असते. रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतील रानटी कंदापासून संप्रेरके बनविण्याची वाट दाखविली आणि १९४४ साली तेथे सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. प्रयोगशाळेत जे परिवर्तन घडते ते मानवी शरीर स्वतः घडवू शकत नाही. त्यामुळे त्याच जातीच्या कंदाचा लेप ‘नैसर्गिक हार्मोन’ म्हणून विकला जातो तेव्हा त्या लेपातून शरीरात संप्रेरक तयार होत नाही.

या तीन उदाहरणांत ‘नैसर्गिक’ शब्दाचे तीन भिन्न अर्थ उघड होतात. घोडीच्या मूत्रातील द्रव्य उगमाने नैसर्गिक आहे, रेणूने पुष्कळ अंशी परके. प्रयोगशाळेतील इस्ट्रॅडिऑल घडणीने कृत्रिम आहे, रेणूने शरीराचे स्वतःचे. कंदाचा लेप उगमाने व घडणीने दोन्ही दृष्टींनी नैसर्गिक आहे, पण अपेक्षित कार्य करीत नाही. यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे न सांगता हे विशेषण वापरणे म्हणजे वजनाचे माप न सांगता भाव सांगण्यासारखे आहे.

१९६६ साली अमेरिकेतील रॉबर्ट विल्सन या डॉक्टराचे ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले व प्रचंड खपले. रजोनिवृत्ती हा उणिवेचा रोग आहे आणि संप्रेरकांनी स्त्रीत्व आमरण टिकवता येते, असे त्याचे प्रतिपादन. विल्सनच्या कार्याला औषध-कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते हे पुढे उघडकीस आले. त्या पुस्तकातील स्त्री स्वतःसाठी जगत नाही. ती पतीला प्रसन्न वाटावी म्हणून तिच्यावर उपचार व्हावयाचे. संहितेत स्त्री अपत्यासाठी, विल्सनच्या पुस्तकात पतीसाठी: काळ आणि देश निराळे असले तरी दृष्टीतील उणीव एकच आहे.

या अतिरेकाची प्रतिक्रिया अटळ होती. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते हे १९७५ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरील एक मोठा अमेरिकन प्रयोग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला, कारण इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग व रक्ताभिसरणाचे विकार वाढलेले आढळले. हा प्रयोग तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांचा होता. परंतु त्यातून जी धास्ती पसरली तिने योनिमार्गात स्थानिक रीतीने लावावयाच्या, अत्यल्प मात्रेच्या व रक्तात फारच थोड्या शोषल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनलाही आपल्या कवेत घेतले. अमेरिकेत त्या क्रीमच्या वेष्टनावरही गोळ्यांइतकाच कडक इशारा छापला जात असे; तो काढण्याची कारवाई तेथील औषध-प्रशासनाने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केली. ‘नैसर्गिक उपाय’ या वाङ्मयाला जे उधाण आले ते बव्हंशी या मधल्या काळात. ते निव्वळ अज्ञानातून आले नाही. फसवले गेल्याच्या रास्त भावनेतून आले, हे समीक्षकाने विसरता कामा नये.

५

आता ज्यांना नैसर्गिक म्हटले जाते त्या उपायांचे परीक्षण करता येईल. ते चार वर्गांत विभागणे सोयीचे आहे.

पहिला वर्ग वरून लावावयाच्या स्निग्ध द्रव्यांचा. तिळाचे तेल, खोबरेल, तूप यांची परंपरा जुनी आहे. तेलात भिजविलेला कापसाचा पिचू योनीत धारण करण्याची चरकाची रीत याच वर्गात येते. घर्षण कमी करणे व असलेला ओलावा धरून ठेवणे एवढे काम तेल निःसंशय करते. अस्तर पुन्हा जाड करणे किंवा आम्लता परत आणणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय तेलाने रबरी निरोध फाटतो, ही गोष्ट यादीकार क्वचितच सांगतात; आणि पाळी अनियमित झालेल्या पण पूर्ण न थांबलेल्या स्त्रीला ती कळणे अगत्याचे असते.

दुसरा वर्ग औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या जेलींचा. यांतील काही समागमापुरत्या, तर काही आठवड्यातून दोन-तीनदा लावून ओलावा टिकविण्यासाठी असतात. यांना ‘नैसर्गिक’ म्हणणे हा मोठाच घोटाळा आहे. त्यांतील काही बहुवारिके संपूर्ण कृत्रिम आहेत. आणि हायल्युरॉनिक आम्ल शरीरात सापडत असले तरी ते पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत व आता बव्हंशी जंतूंच्या किण्वनाने बनवितात. त्यांचे खरे वर्णन ‘संप्रेरकरहित’ असे आहे. संप्रेरकरहित आणि नैसर्गिक हे शब्द समानार्थी नव्हेत. येथे पाहावयाचे असते ते उगम नव्हे, तर द्रावणाची तीव्रता: जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली अशा जेलींची ऑस्मोलॅलिटी १,२०० पेक्षा अधिक नसावी व पीएच साधारण ४.५ असावा अशी शिफारस केली. ग्लिसरीनचे प्रमाण फार असलेली जेली पेशींतील पाणी ओढून घेते, म्हणजे कोरडेपणावर कोरडेपणाच वाढविते.

तिसरा वर्ग आहारातील व औषधी वनस्पतींचा. सोयाबीन व जवस यांत इस्ट्रोजेनसदृश कार्य करणारी द्रव्ये आहेत. जपानी स्त्रियांत गरम वाफांची तक्रार कमी आढळते, असे मानवशास्त्रज्ञ मार्गारेट लॉक यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले; अशा निरीक्षणांतून सोयाबीनची कीर्ती जगभर झाली. परंतु ती तफावत मुख्यतः गरम वाफांविषयी होती, आणि लॉक यांचा रोख एखाद्या कडधान्यावर नसून देह व संस्कृती यांच्या परस्परसंबंधावर होता. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचे अमाप पीक निघते, पण ते बव्हंशी तेल व पेंड यांसाठी जाते. ताटात जवसाची चटणीच अधिक ओळखीची. २०१६ साली ६२ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यांतील स्त्रियांची संख्या ६,६५३ होती. वनस्पतिज इस्ट्रोजेनांनी कोरडेपणा थोडासा कमी होतो असे त्यातून दिसले. परंतु त्यांतील बहुसंख्य प्रयोगांची रचना सदोष होती असेही त्याच आढाव्यात नमूद आहे. तात्पर्य, चटणी खावी. तिच्यावर भिस्त ठेवू नये.

चौथा वर्ग सर्वांत नाजूक आहे: ‘नियमित समागम हाच नैसर्गिक उपाय’ हा उपदेश. त्याचा आधार म्हणून १९८३ साली प्रसिद्ध झालेला ५२ स्त्रियांचा एक अभ्यास दाखविला जातो. समागम चालू असलेल्या स्त्रियांत अस्तराची झीज कमी आढळली, हे त्यातील निरीक्षण. परंतु समागमामुळे झीज कमी झाली, की झीज कमी असल्यामुळे समागम सुसह्य राहिला, हे एका वेळी केलेल्या पाहणीतून ठरत नाही. ज्या स्त्रीला वेदना होतात ती दूर राहणारच. तिला वेदनेचे औषध म्हणून वेदनेचे कारणच सांगणे, आणि त्याला निसर्गाचे नाव देणे, ही सल्ल्याच्या रूपातील सक्ती होय.

या चारही वर्गांच्या संदर्भात २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग विशेष विचारार्ह आहे. ३०२ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले: एकाला इस्ट्रॅडिऑलची योनिमार्गातील गोळी व औषधविरहित जेल, दुसऱ्याला औषधविरहित गोळी व विक्रीतील ओलावाधारक जेल, तिसऱ्याला दोन्ही औषधविरहित. बारा आठवड्यांनंतर सर्वाधिक त्रासदायक लक्षणात तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा आढळली. हे पाहून संप्रेरकांचे विरोधक म्हणतील की इस्ट्रोजेन व्यर्थ आहे. संशयवादी म्हणतील की सारेच उपाय मनाचे खेळ आहेत. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. औषधविरहित जेल हे ‘काहीच नाही’ नव्हते. तेही ओलसर जेलच होते. शिवाय प्रत्येक स्त्रीला नियमाने भेटून तिच्या तक्रारीची विचारपूस करण्यात आली, हाही उपचाराचाच भाग झाला. दुसरीकडे, ६,२३५ स्त्रियांचा समावेश असलेल्या ३० प्रयोगांच्या २०१६ मधील आढाव्यात स्थानिक इस्ट्रोजेनचा गुण निश्चल जेलाशी केलेल्या तुलनेत दिसून आला. या दोहोंचा मेळ असा घालता येतो: सौम्य त्रासात साधा ओलावा पुष्कळदा पुरतो, अस्तराची झीज अधिक असेल किंवा मूत्रसंसर्ग वारंवार होत असेल तर तो पुरत नाही.

६

उरतो प्रश्न भाषेचा. मराठीत ‘अंगावरून पांढरे जाणे’ हा वाक्प्रचार घरोघरी ठाऊक आहे. कोरडेपणासाठी तितका रूढ वाक्प्रचार नाही. ‘खाली आग होते’ एवढेच बोलले जाते, आणि त्यातून ऐकणाऱ्याचे लक्ष लघवीकडे वळते. जे शरीरातून बाहेर येते त्याला नाव मिळाले; जे येईनासे झाले ते अनाम राहिले. ‘विटाळ गेला’ या शब्दप्रयोगात तर सुटकेचाच भाव आहे, आणि अनेक स्त्रियांच्या बाबतीत तो खराही असतो. पण सुटकेच्या भाषेत तक्रारीला जागा नसते. नाव नसलेल्या दुःखाला परके नाव लवकर चिकटते. शुष्का या संस्कृत संज्ञेचा जो स्वीकार झाला त्यामागे ही भाषिक पोकळी आहे.

ही पोकळी भरण्याचा प्रयत्न मराठीत झालाच नाही असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने स्त्रीपुरुषांच्या शारीरिक प्रश्नांची उत्तरे उघडपणे दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. कर्व्यांच्या सर्वच मतांशी सहमत होण्याचे कारण नाही. पण वाचकाच्या प्रश्नाला शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता आणि उपदेशाचा आव न आणता उत्तर द्यावे, हा त्यांचा दंडक आजच्या यादीवजा लेखनाने सोडून दिला आहे. आजची भाषा अश्लील नाही. ती गोड आहे, आणि गोडपणाच्या आड अर्थ लपतो.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा सर्वांत कटू उपहास मात्र महाराष्ट्रातच पाहावयास मिळतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांत गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार मोठे असल्याचे २०१९ साली उघडकीस आले व राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांतील खाडे व त्यापायी कापली जाणारी मजुरी ही त्यामागील कारणांपैकी एक होती. केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण बीजकोश काही काळ काम करीत राहतात. बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळते आणि ऐन तिशीतील स्त्रीला वार्धक्याचा कोरडेपणा येतो. जिची रजोनिवृत्तीच शस्त्राने घडविली, तिच्यासमोर निसर्गाची स्तुती करणारी यादी ठेवण्यात काय अर्थ? तिला हवा असतो तो बीजकोश ठेवले की काढले याचा लेखी कागद, आणि त्यानुसार उपचार.

७

वरील विवेचनावरून कोणताही उपाय निषिद्ध ठरत नाही. तेल लावणारी स्त्री चुकत नाही, आणि वैद्याकडे जाणारीही चुकत नाही. चुकते ते वर्गीकरण. ‘नैसर्गिक की कृत्रिम’ हा प्रश्न बाजूस ठेवून त्याच्या जागी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हे द्रव्य नेमके कोणते काम करते: घर्षण कमी करते, ओलावा टिकविते, की अस्तर पूर्ववत करते? ते काम होते याचा पुरावा कोणत्या प्रतीचा आहे? आणि ते कोणत्या स्त्रीला वर्ज्य आहे? स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रीने स्थानिक इस्ट्रोजेनही तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की सुगंधी साबण, आतील धुणी, बेसन किंवा लिंबू यांसारखे घरगुती उपाय ‘नैसर्गिक’ असूनही पातळ अस्तराला अपायच करतात. आणि रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर तो कोरडेपणाचा म्हणून अंगावर काढू नये. तपासणी होईपर्यंत त्याला कोणतेच सौम्य नाव देऊ नये.

मराठीच्या व आरोग्यविचाराच्या अभ्यासकांपुढे येथे दोन कामे उभी आहेत. एक, संहितांतील योनिव्यापदांच्या संज्ञांचा ग्रंथवार, टीकावार व कालवार कोश. त्यात प्रत्येक संज्ञेला आधुनिक लेखकांनी जोडलेले अर्थ स्वतंत्र रकान्यात असावेत, म्हणजे वचन कोठे संपते व अनुमान कोठे सुरू होते ते दिसेल. दुसरे, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया हा त्रास कोणत्या शब्दांत सांगतात त्याचा बोलीवार संग्रह. वऱ्हाडी, मालवणी, खानदेशी, कोकणी किंवा मराठवाडी स्त्रीच्या तोंडी जे शब्द असतील, ते संस्कृत संज्ञेपेक्षा व इंग्रजी संक्षेपापेक्षा डॉक्टरच्या अधिक उपयोगी पडतील. असे संग्रह तयार झाल्यावर उपायांच्या याद्या लिहिणाऱ्यांनाही प्रथम त्या शब्दांना उत्तर द्यावे लागेल.